प्रभातचे परतूरकर

प्रभात फिल्म कंपनीबद्दल बोलायचा मक्ता पुणेकरांनी घेतलाय, असं मला पुष्कळदा वाटतं. घ्यावाही. त्यांच्याकडे प्रभात रोड आहे. ज्या आवारात ते सिनेमे घडले तिथं 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कुणीही पुणेकर पाहुण्याला तिकडे नेऊन बोट दाखवू शकतो. आमच्या परतुरात बोट दाखवायला काही नाही. आमच्याकडे आहेत ते किस्से, आणि स्टेशन रोडवरच्या एका हाटेलात संध्याकाळी ते सांगत बसणारी पाच-सहा टाळकी.

या बैठकीत एक रिटायर्ड गुरुजी आहेत, गणिताचे. भजनी मंडळाचे एक महाराज आहेत. घड्याळं दुरुस्त करणारे चाचा आहेत. आडतीवर हिशेब लिहिणारे मुनीम आहेत, आणि यांच्यात कसा काय आला कोण जाणे, पण कॉलेजात जाणारा एक पोरगाही आहे. मी बहुतेक ऐकण्याचं काम करतो. बैठकीला एक नियम आहे आणि तो गुरुजींनी घातलेला आहे: किस्सा सांगणाऱ्यानं तो सिनेमात दाखवला पाहिजे. प्रभातचे बरेच बोलपट आता मोबाइलवर मिळतात, त्यामुळे सबब चालत नाही. कुणी जरा सैल सोडलं की गुरुजी विचारतात, "कुठं दिसायलंय हे? दाखव." पोरगा मोबाइल काढतो आणि सगळे त्या वीतभर पडद्यावर वाकतात.

या नियमानं पहिला बळी घेतला तो मुनीमांचा. 'संत तुकाराम' व्ही. शांताराम यांनी काढला, असं ते छातीठोकपणे सांगत होते. त्यांचा एकट्याचा दोष नाही, अर्धा महाराष्ट्र असंच समजतो. शांताराम हे प्रभातचं सगळ्यांत मोठं नाव, 'तुकाराम' हा सगळ्यांत मोठा सिनेमा, तेव्हा दोघांची गाठ लोकांनी परस्पर बांधून टाकली. पोरानं सिनेमा लावला. दिग्दर्शक : दामले आणि फत्तेलाल. मुनीम श्रेयनामावलीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग शांताराम काय करत होते?" त्याच साली, म्हणजे 1936 मध्ये, त्यांनी 'अमरज्योती' केला. मुनीमांना ते पटलं, पण आवडलं नाही.

खरी जुंपली ती महाराजांशी. त्या सिनेमात विष्णुपंत पागनीस एक अभंग गातात, बीजापासून झाड कसं होतं ते सांगणारा. आमच्याकडच्या भजनात तो हमखास होतो, टाळ-मृदंगासह, आणि म्हणणारे तो तुकोबांचा म्हणूनच म्हणतात. गुरुजी म्हणाले, हा तुकोबांचा नव्हे, शांताराम आठवल्यांचा. महाराज चहा तसाच टाकून उठले. घरी जाऊन गाथा घेऊन आले, कापडी बांधणीची, पानांच्या कडा तेलकट झालेली. शेवटी अभंगांच्या पहिल्या चरणांची सूची असते. बोट लावून त्यांनी 'आ'ची ओळ न् ओळ तपासली, मग चष्मा पुसून परत एकदा तपासली. अभंग तिथं नाही. नसणारच, कारण तो सिनेमासाठी आठवल्यांनीच लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी त्याला चाल लावली. गीतकाराच्या ओळी लोक संताच्या म्हणून देवापुढे म्हणतात, यापेक्षा मोठं बक्षीस आठवल्यांना कुठून मिळणार? महाराजांनी गाथा मिटली आणि निकाल दिला, "तुकोबांचा नसला तरी आम्ही म्हणणार." भजनात तो अजूनही होतो.

पुण्याच्या आठवणीत आणि आमच्या आठवणीत फरक पडतो तो इथं. पुणेकरांची प्रभात म्हणजे स्टुडिओ, तिथलं तळं, तिथली माणसं. आमच्या आधीच्या पिढीची प्रभात म्हणजे तंबूतला सिनेमा. परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात. मीटर गेजच्या गाडीनं जालन्याला नाहीतर परभणीला जाऊन सिनेमा बघणं म्हणजे चैन. बाकीच्यांनी यात्रेत टुरिंग टॉकीज येईल तेव्हा बघायचं. गुरुजींची आई 'तुकाराम' बघायला नारळ घेऊन गेली होती आणि तंबूच्या दाराशी चपला काढून आत बसली होती, असं गुरुजी सांगतात. हे सिनेमात दाखवता येत नाही, पण या एका किश्श्याला नियमातून सूट आहे. नियम घालणाऱ्याच्या आईचा आहे ना.

बरं, त्या सिनेमात भक्तीइतकाच संसार आहे, हे विसरलं जातं. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो काही तिथल्या परीक्षकांना विठोबा ठाऊक होता म्हणून नव्हे. जिजाई झालेली गौरी ज्या तोंडानं नवऱ्याला बोलते, म्हशीवर ज्या मायेनं हात फिरवते, त्यात नाटकीपणा औषधालाही नाही. पागनीस रंगभूमीवर स्त्री भूमिका करणारे नट. त्यांच्या चालण्या-बोलण्यात एक मऊपणा होता आणि तुकोबांना तो शोभला. पण घर उभं राहतं ते गौरीच्या ओरडण्यावर. माझ्या मते मराठी पडद्यावर तिच्याइतकी खरी बाई पुढं फार थोड्या वेळा आली.

आणि हे सगळं उभं करणारे दोघे कोण? विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दोघांनी उमेदवारी केली. शांताराम आणि केशवराव धायबरही तिथलेच. या चौघांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांचं भांडवल घेऊन 1929 मध्ये कोल्हापुरातच प्रभात काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला हलवली. फत्तेलाल कलादिग्दर्शक, त्यांना सगळे साहेबमामा म्हणत. तुकोबांचं देहू उभं करणारा हात त्यांचा. चाचांचा हा ठेवणीतला मुद्दा आहे. ते तो वर्षातून दोन-चारदाच काढतात, बहुधा गावात काहीतरी कुजबुज चालू असते तेव्हा.

चाचांचा सिनेमा मात्र वेगळा, 'पडोसी'. प्रभात बहुतेक मोठे सिनेमे मराठी आणि हिंदी अशा दोन्हीत काढायची. मराठीत 'शेजारी', हिंदीत 'पडोसी', साल 1941. दोन म्हातारे शेजारी, एक हिंदू आणि एक मुसलमान. धरण बांधायला आलेला कंत्राटदार त्यांच्यात बिब्बा घालतो, शेवटी धरण फुटतं आणि त्यात दोघांची भेट होते. हिंदीत ठाकूर झाला मजहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. मुसलमान नटानं हिंदू व्हायचं आणि हिंदू नटानं मुसलमान, ही शांतारामबापूंची योजना. चाचा 'शेजारी' बघतच नाहीत. म्हणतात, त्यात ठाकूर नाही, पाटील आहे आणि तो केशवराव दात्यांनी केलाय. मग अर्धी गंमत गेली. दाते मोठे नट होते हे त्यांना सांगून उपयोग नाही. धरणाचा प्रसंग आला की हाटेलात सगळे गप्प होतात, ते वेगळ्या कारणानं. निम्न दुधनाच्या पाण्यात आपल्या तालुक्यातली शिवारं गेली आहेत, आणि मुनीमांच्या सासुरवाडीचं रान त्यातच आहे.

बाकी किस्से भराभर सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक असतात. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही; घड्याळाची टिकटिक, भांड्यांचे आवाज, दृश्यात जे वाजेल तेवढंच. चाचांच्या दुकानात चारी भिंतींवर घड्याळं वाजत असल्यामुळे त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही. 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनचे डोळे पडदाभर येतात. पोरगा म्हणतो, त्या डोळ्यांसमोर आताचे खलनायक मवाळ. 'धर्मात्मा' हा एकनाथांवरचा सिनेमा, म्हणजे विषय आपल्या पैठणचा. त्याचं नाव आधी 'महात्मा' होतं. इंग्रजांच्या सेन्सॉरला त्यात गांधी दिसले म्हणून बदलावं लागलं. एकनाथ झाले बालगंधर्व, तेही पुरुषवेशात, आणि त्यांचे चाहते तिथंच थोडे हिरमुसले. 'हम एक हैं' हा देव आनंदचा पहिला सिनेमा, 1946 चा. गुरुदत्त तिथं नृत्याचं बघायचे. परटाकडून शर्टांची अदलाबदल झाली आणि दोघांची दोस्ती जमली, ही गोष्ट तर देव आनंदनं आयुष्यभर सांगितली. मुनीम म्हणतात, त्या परटाचं नाव श्रेयनामावलीत यायला पाहिजे होतं.

भागीदारांच्या भांडणांवर मात्र बैठकीत बंदी आहे. कोणी कोणत्या नटीशी लग्न केलं, धायबर का गेले, 1942 मध्ये शांतारामांनी बाहेर पडून राजकमल का काढली, याचं चघळण पुष्कळ झालं. दामले 1945 मध्ये गेले आणि पुढं काही वर्षांत कंपनी बंद पडली, एवढं पुरे.

हॉलिवूडमधल्या एमजीएमचे चाहतेही असेच हळवे असतात म्हणे. नट-नट्यांना पगारावर ठेवायचं, सुतारापासून दिग्दर्शकापर्यंत सगळे एका आवारात, ही त्यांची रीत आणि प्रभातची रीत एकच. त्यांच्या चित्रांआधी सिंह गर्जना करायचा, आपल्याकडे एक बाई तुतारी फुंकायची. 1970 मध्ये एमजीएमनं आपल्या गोदामांतलं सामान लिलावात काढलं. 'विझर्ड ऑफ ऑझ'मधले ज्युडी गार्लंडचे लाल बूट तेव्हा 15,000 डॉलरला गेले. बूट कुणीतरी जपले. आपल्याकडे जपायची सवय उशिरा लागली.

त्याचा प्रत्यय नियमानंच आणून दिला. पोरगा एकदा म्हणाला की शांताराम स्वतः शिवाजी महाराज झाले होते, 'उदयकाल'मध्ये, 1930 साली. नाव 'स्वराज्याचे तोरण' ठेवलं होतं. 'स्वराज्य' हा शब्दच सेन्सॉरला नको होता, म्हणून 'उदयकाल' झालं. गोष्ट खरी आहे. पण गुरुजींनी सवयीनं विचारलं, "दाखव." दाखवता येईना. प्रभातनं बोलपटाआधी काढलेले मूकपट बघायला मिळत नाहीत. 'गोपालकृष्ण' नाही, 'खुनी खंजर' नाही, 'उदयकाल' नाही. म्हणजे प्रभातची पहिली दोन-तीन वर्षं आपल्याला कळतात ती कागदांवरून : जाहिराती, हँडबिलं, छायाचित्रं आणि थोडंफार आठवणींतून.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या परतूर, मंठा, घनसावंगी, सेलू इकडच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, दुकानाच्या वह्यांत सिनेमाची गाण्यांची चोपडी असेल, टुरिंग टॉकीजचं हँडबिल असेल, तिकिटाचा तुकडा असेल, तर तो रद्दीत घालू नका. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं. तिथं असे कागद जपले जातात. द्यायचं मन नसेल तर निदान मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर तंबूत कोणता सिनेमा बघितला, कोणत्या यात्रेत, किती पैशांत, हे याच दिवाळीत बसून लिहून घ्या. खाली त्यांचं नाव आणि तारीख घाला.