एचपी किती ते नंतर, आधी सांगा मोजला कुठं?



दिवाळीत पुण्याला पुतण्याकडं गेलो होतो. त्यानं त्याची कार एका गॅरेजला नेली, मलाही बरोबर घेतलं. तिथं जमिनीत दोन मोठे लोखंडी रोलर बसवलेले. पुढची चाकं रोलरवर, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेली, रेडिएटरसमोर भलामोठा पंखा. चौथ्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. गाडी जागच्या जागी पळतेय आणि स्क्रीनवर रेघ वर चढतेय. याला म्हणतात चेसी डायनॅमोमीटर.

कंपनीच्या पुस्तकात 88 एचपी. रोलरवर निघाले 74. पुतण्याचं तोंड उतरलं. "काका, फसवलं की यांनी!"

गॅरेजवाला हसला. म्हणाला, फसवलं नाही. पुस्तकातला आकडा इंजिनच्या फ्लायव्हीलवरचा. तिथून ताकद क्लच, गिअरबॉक्स, ॲक्सल, टायर असं करत चाकापर्यंत येते, वाटेत साधारण दहा ते वीस टक्के गळते. शिवाय टायरमध्ये हवा कमी, पट्टे जास्त आवळलेले, खोलीत उकाडा असला तरी आकडा हलतो. म्हणून तो तीनदा मोजतो आणि त्या दिवसाचं तापमान अन् हवेचा दाब कागदावर लिहून देतो.

मी गप्प बसून ऐकत होतो. डोक्यात मात्र माझा ट्रॅक्टर फिरत होता.

बारा वर्षांपूर्वी 47 एचपीचा म्हणून घेतला. दुकानदार म्हणाला, याला सात फुटी रोटाव्हेटर आरामात चालतो. घेतला. उसाचा खोडवा मोडताना काळ्या रानात इंजिन दबायचं, काळा धूर, डिझेल ढसाढसा. मिस्त्री म्हणाला पंप गेला. पंप केला, नोझल बदलले, दोन हंगाम पैसे घातले. ताकद मोजून बघू, असं एकही माणूस म्हणाला नाही. मलाही सुचलं नाही, खोटं कशाला बोलू.

पुढं एका कृषी अभियंत्यानं त्या मॉडेलचा चाचणी अहवाल दाखवला. पीटीओवर जेमतेम 40 एचपी! 47 हा इंजिनचा आकडा होता. रोटाव्हेटर फिरतो पीटीओवर, इंजिनच्या आकड्यावर नाही. सात फुटी विकून सहा फुटी घेतला. तेच रान, तोच ट्रॅक्टर, धूर गेला. आधीच विचारलं असतं तर पंपाचे पैसे वाचले असते.

आता हे मोजतात कसं ते सांगतो, अवघड नाही. ट्रॅक्टरला सहसा रोलरवर चढवत नाहीत. डायनॅमोमीटर मागून पीटीओच्या शाफ्टला जोडतात. तो हळूहळू ब्रेक लावत जातो आणि दोन गोष्टी मोजतो: पिळाचा जोर (टॉर्क) आणि मिनिटाच्या फेऱ्या. जोर किलो-मीटरमध्ये धरा, फेऱ्यांनी गुणा, 716 नं भागा, एचपी आला. 40 एचपी म्हणजे काय? 540 फेऱ्यांवर 1 मीटर लांब दांडीच्या टोकाला 53 किलोचा जोर. 53 गुणिले 540 भागिले 716, करून बघा. फेऱ्या आहेत पण जोर नाही, तर ताकद नाही. मोकळा ट्रॅक्टर रेस करून "आवाज बघा" म्हणणारा दुकानदार तुम्हाला काहीच दाखवत नसतो.

ही तक्रार आजची नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. ट्रॅक्टरनं त्याला चांगलाच चटका दिला. तो आमदारही होता. 1919 साली त्यानं कायदा करवून घेतला: विद्यापीठात चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही, आणि जाहिरातीतला दावा चाचणीशी ताडून बघायचा. 1920 मध्ये वॉटरलू बॉय या ट्रॅक्टरची पहिली चाचणी पूर्ण झाली. शेतकऱ्यानं मागितलं म्हणून मापन आलं, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडंही मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी संस्था आहे. तिथं ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, अहवाल निघतात. त्यात पीटीओची ताकद असते, डिझेलचा खप असतो, ओढण्याची ताकद असते. पण दुकानात तो अहवाल कोण ठेवतो, आणि आपण मागतो तरी का? आपण रंग बघतो, हप्ता विचारतो.

काहीजण म्हणतील, पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, कानाला कळतं. कळतं, मान्य. इंजिन दबलं हे कान सांगतो. किती दबलं आणि पंप केल्यावर किती सुधारलं, हे कान सांगत नाही. मिस्त्रीचं बिल मात्र आकड्यात असतं.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, नवा ट्रॅक्टर घेताना एचपी विचारू नका, "पीटीओ एचपी किती, अहवाल दाखवा" म्हणा. अवजाराची रुंदी त्यावरून ठरवा, आणि रान भारी असेल तर थोडी ताकद हातची राखा. मेच्या दुपारी तापलेल्या विरळ हवेत कागदावरचा आकडाही पुरा मिळत नाही.

दोन, हे कृषी विभागाला आणि कृषी विज्ञान केंद्रांना: प्रदर्शनात स्टॉल मांडता, तसा वर्षातून एक दिवस पीटीओ डायनॅमोमीटर तालुक्याला आणा. जुने ट्रॅक्टर जोडा, चिठ्ठीवर जोर, फेऱ्या, तापमान लिहून द्या. दुरुस्तीआधी एकदा, नंतर एकदा. दुधाचं फॅट मोजल्याशिवाय आपण दूध घालत नाही, ऊस काट्यावर चढवल्याशिवाय सोडत नाही. लाखो रुपयांचा ट्रॅक्टर मात्र बोलण्यावर घेतो.

काटा मागायला लाजू नका.