चार गिगाहर्ट्झचा उंबरठा

ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला आणि तीन दशके चाललेली क्लॉकच्या वेगाची चढण ३.८ वर अडली. १९७१ च्या ४००४ या चिपचा क्लॉक सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोके देत असे. मार्च २००० मध्ये बाजारात आलेल्या प्रोसेसरने १ अब्जाचा, म्हणजे १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला होता.

तोवर ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही उतरवता येई. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार त्यामुळे वेग वाढूनही चिपच्या तेवढ्याच क्षेत्रफळाला तेवढीच वीज पुरे. कारण वीज क्लॉकच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते.

एक व्होल्टच्या आसपास ही सवलत संपली. ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला चालू होतो ती पातळी फार खाली आणली, तर तो पुरता बंदच होत नाही. वायसर झिजलेल्या नळासारखा गळत राहतो. उलट क्लॉक वाढवायचा तर व्होल्टेज चढवावे लागते. मग वीज जवळजवळ वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, आणि तिची सगळी उष्णता नखाएवढ्या जागेतून बाहेर काढावी लागते. खरी भिंत हीच.

पेंटियम ४ च्या रचनेत दुसरा दोष होता. ठोका लहान करण्यासाठी कामाचे तुकडे पाडले गेले: आधी २० टप्प्यांची पाइपलाइन, २००४ च्या प्रेस्कॉट या आवृत्तीत ३१ टप्प्यांची. प्रोग्रॅम पुढे कोणत्या वाटेने जाईल हा अंदाज चुकला, की तितके टप्पे भरून झालेले काम टाकून द्यावे लागे. २००६ चा कोअर २ ड्युओ ३ गिगाहर्ट्झच्या खाली चालूनही पेंटियम ४ ला मागे टाकू शकला. केवळ गिगाहर्ट्झ पाहून संगणक निवडणे तेव्हाही चूक होते, आजही आहे.

तारांचाही अडसर आहेच. ५ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटीमीटर जातो. चिपमधल्या बारीक तारांतला संकेत त्याहून कितीतरी मागे राहतो.

म्हणून उत्पादक एका चिपवर एकाऐवजी अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्र प्रोसेसर, बसवण्याकडे वळले आणि काम वाटून देण्याचा भार प्रोग्रॅमरवर आला. हा बदल अपरिहार्य होता, पण फुकटचा नव्हता: जे काम वाटता येत नाही, ते आजही एकाच कोअरच्या वेगावर अवलंबून असते. २०२४ मध्ये इंटेलच्या एका चिपने ६.२ गिगाहर्ट्झ गाठले, तेही मोजक्या कोअरवर आणि थोडा वेळ. वीस वर्षांत दुप्पटही नाही.