टोरंटोला दुसरा संघ हवाच

टोरंटो आणि परिसराची वस्ती 60 लाखांच्या वर. बर्फावरच्या हॉकीचे एवढे वेड क्वचितच कुठल्या शहराला असेल. तरीही उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये या महानगराचा संघ एकच, मेपल लीफ्स. त्याने लीगचा विजेतेपदाचा चषक, स्टॅन्ली कप, शेवटचा जिंकला 1967 साली, तेव्हा लीगमध्ये सहा संघ होते. आज 32 आहेत. चषक नाही, तरी सीझन तिकिटांची प्रतीक्षायादी आटत नाही आणि दर सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर. हरूनही ज्याचा गल्ला भरतो, त्याला सुधारण्याची घाई कशाला असेल?

शहराला दुसरा संघ पेलेल का, असे विचारले की मॉन्ट्रियलचा दाखला पुढे येतो. तिथला मरून्स संघ दोनदा कप जिंकूनही 1938 मध्ये बंद पडला. पण तो महामंदीचा काळ होता. आज न्यूयॉर्क परिसरात तीन संघ नांदतात. आणि खुद्द टोरंटोत फेब्रुवारी 2024 मध्ये महिलांच्या व्यावसायिक हॉकी लीगचा एक सामना पाहायला 19,285 प्रेक्षक आले. प्रेक्षक आहेतच, अडवणूक वरून आहे.

2009 मध्ये उद्योगपती जिम बाल्सिली दिवाळखोर फीनिक्स संघ विकत घेऊन शेजारच्या हॅमिल्टनला आणायला निघाले होते. लीग कोर्टात उभी राहिली, बोली फेटाळली गेली. संघ वाळवंटातच ठेवला, आणि 2024 मध्ये त्याचे खेळाडू अखेर गेले ते सॉल्ट लेक सिटीला! टोरंटोलगतच्या मार्कहॅमच्या नगरपालिकेने 2013 मध्ये एनएचएल संघाच्या आशेने आखलेल्या स्टेडियमच्या अर्थसाहाय्यातून अंग काढून घेतले, ते मात्र योग्यच झाले. करदात्याच्या पैशावर संघमालकाची हौस नको.

खरा धोका पुढच्या पिढीचा आहे. टोरंटो शहरातले जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले. शेजारच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या वस्त्यांत मराठी घरेही आहेत. या घरांतल्या मुलांनी हॉकीकडे वळावे कसे? स्केट्स, पॅड, रिंकचे भाडे यांमुळे हा खेळ खेळणे महाग, आणि पाहणेही महाग. बास्केटबॉलला एक चेंडू पुरतो. 2019 मध्ये टोरंटोचा बास्केटबॉल संघ रॅप्टर्स विजेता ठरला तेव्हा अख्खे शहर रस्त्यावर आले होते. रॅप्टर्स आणि लीफ्सची मालक कंपनी एकच, त्यामुळे मुले हॉकीकडून बास्केटबॉलकडे वळली तरी तिचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते हॉकीचे.

एनएचएलने नवे संघ देताना टोरंटोचा विचार आधी करावा. लीफ्सचा या परिसरावरचा प्रादेशिक हक्क आड येत असेल, तर त्याची भरपाई नव्या मालकाकडून घ्यावी आणि दुसऱ्या संघाच्या सामन्यांची काही हजार तिकिटे पगारदारांना परवडतील अशा दराने राखून ठेवण्याची अट आधीच घालावी.