आकाशातील शिस्त आणि वालधुनीचे पाणी

बदलापुरातील चाळीच्या छपरावरची तबकडी एकदा रोखली की पुन्हा हलवावी लागत नाही. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या गतीने फिरतो व एकाच जागी स्थिर भासतो. अशी कक्षा एकच आहे. तेथे हवेचा रोध नसल्याने निकामी उपग्रह खाली येऊन जळत नाही. शतकानुशतके भटकत इतरांच्या वाटेत येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९७३ सालीच या कक्षेला मर्यादित नैसर्गिक संपत्ती मानले. आयुष्य संपत आलेल्या उपग्रहाने राखलेल्या इंधनावर आणखी वर जाऊन जागा मोकळी करावी, असा संकेत आहे. भारताने २००७ साली सोडलेला इन्सॅट-४बी जानेवारी २०२२ मध्ये कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर नेऊनच बंद केला. तेवढ्या इंधनावर आणखी काही महिने कमाई झाली असती. ती सोडल्याचे श्रेय इस्रोला दिलेच पाहिजे.

नदी ही मर्यादित संपत्ती नव्हे काय? अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरात शिरते तेव्हा तिला नदी म्हणायला जीभ धजत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात चोरून ओतलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो माणसांना रुग्णालय गाठावे लागले. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने कोट्यवधींचा दंड ठोठावला.

कायदा अपुरा आहे, ही सबब नोकरशाहीच्या सोयीची आहे. वर बहुतांशी पाळला जातो तो नुसता संकेत. खाली १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, मंडळ आहे, निरीक्षक आहेत. खरा प्रश्न खर्च कोणाच्या माथी बसतो हा आहे. कक्षेत कचरा सोडणाऱ्याच्याच पुढच्या उपग्रहाला त्याचा धोका असतो. वालधुनीत टँकर रिता करविणारा मालक मात्र नदीकाठी राहत नाही. त्याच्या खतावणीतून वाचलेला पैसा काठच्या झोपड्यांतील माणसे श्वासाने फेडतात. अर्थशास्त्राची पुस्तके याला ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. किती सोज्वळ शब्द!

उपग्रहाच्या अखेरच्या प्रवासाचे इंधन आधीच राखावे लागते. तशीच घातक टाकाऊ रसायनांच्या विल्हेवाटीची रक्कम कारखान्याकडून उत्पादनापूर्वी अनामत घेतली पाहिजे. कोणता टँकर कोठून निघाला व कोठे रिता झाला, ही नोंदवही कामगार संघटनांना आणि काठच्या वस्त्यांना तपासता आली पाहिजे. उद्योग दुसरीकडे जातील, ही धमकी येईलच. पण तबकडीवाल्या चाळीतूनच कारखान्यांना कामगार मिळतो आणि तोच संध्याकाळी वालधुनीचा पूल नाक दाबून ओलांडतो. त्याला बरोबर घेऊन अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूरच्या कार्यकर्त्यांनी या दोन मागण्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दारी न्याव्यात.