जांभळाचे चूर्ण घ्या, पण गोळी सोडू नका

महाळुंगेत कारखान्याच्या पाळ्या बदलतात तशा घरातल्या जेवणाच्या वेळाही बदलतात. मधुमेह असेल तर साखर सांभाळणे कठीण जाते. मग जूनमध्ये आपण जांभळाच्या बिया वाळवून, कुटून ठेवतो. नानी-दादींचा हा नुस्खा युनानी आणि आयुर्वेद दोन्हींत आहे.

आमचे सांगणे एवढेच, की चूर्णाच्या भरवशावर गोळी किंवा इन्शुलिन बंद करू नका. दोन्ही सोबत घेतल्यास साखर जास्त उतरू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी विचारा. घाम, थरथर सुटली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखरपाणी द्या. रोजा असला तरी सोडा. आजाऱ्याला सवलत आहे, कजा नंतर करता येते.