स्कॉटनें मानलेलें ऋण

प्रादेशिक कादंबरी शिकवितांना आम्ही प्राध्यापक स्कॉटपासून आरंभ करतों, हा उघड अन्याय आहे. मारिया एजवर्थची ‘कॅसल रॅकरेंट’ निघाली १८०० सालीं. ‘वेव्हर्ली’ १८१४ ची. त्या ‘वेव्हर्ली’च्याच अखेरीस स्कॉट एजवर्थबाईंच्या आयरिश चित्रांचा आदर्श मोकळेपणीं मान्य करतो. भक्तांना मात्र तें आठवत नाहीं!

म्हणे, पुस्तक लहान आणि विनोदी. अहो, विनोद कशावर आहे? थॅडी हा म्हातारा कारभारी आपल्या आयरिश वळणाच्या बोलींत चार धन्यांचे गोडवे गातो, आणि त्या गोडव्यांतूनच कुळांची नागवणूक उघडी पडते. शेवटीं इस्टेट गिळतो त्याचाच वकील मुलगा जेसन! इतकें निर्दय चित्र स्कॉटच्या कोणत्या कादंबरींत आहे, तें त्याच्या कैवाऱ्यांनीं दाखवावें.