मुक्कामाची मांडामांड आणि घरांतील मुलें

चंपाषष्ठी झाली म्हणजे चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें पुन्हां पानांत येतें, आणि खानदेशांतील घराघरांतून शेतावर भरिताचा बेत ठरूं लागतो. पूर्वीं मंडळी बैलगाड्या जुंपून निघत. पुढें मोटारी आल्या. आणि २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केल्यावर बिछाने, शेगडी व पाण्याची टाकी पोटांत घेऊन फिरणाऱ्या मोटारीचें नांवहि आपल्या घरांतून ऐकूं येऊं लागलें. मोटार अशी असो, कीं साधी जीप व दोन राहुट्या असोत, रात्रीच्या मुक्कामाची मांडामांड हें एक मोठें घरकामच आहे. त्यांत मुलांस कोणता वाटा द्यावा, एवढ्याचाच विचार आज करावयाचा आहे.

एकत्र कुटुंबांत अडचण हातांच्या उणिवेची नसते, विपुलतेची असते. काका दोर ओढतात, काकू पाणी भरतात, चालक चाकांखालीं दगड लावतो, आणि नऊदहा वर्षांचा मुलगा मध्यें आला कीं चहूंकडून एकच शब्द ऐकूं येतो, ‘बाजूस हो!’ मग तो खरोखरीच बाजूस होतो, आणि हल्लींच्या मुलांना कशाची म्हणून हौस नाहीं अशी तक्रार करावयास आपण मोकळे! ‘जरा मदत कर’ असें सांगूनहि फारसें साधत नाहीं. मदत म्हणजे दुसऱ्याच्या कामाला हात लावणें. तो लावला काय आणि न लावला काय, काम होतेंच, हें मुलें तेव्हांच ओळखतात. काम द्यावयाचें तें असें द्यावें कीं तें न झाल्यास त्याची झळ सर्वांस लागावी. इंग्लंडांत ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनीं १९०७ सालीं सुमारें वीस मुलांची छावणी भरविली, तेव्हां मुलांच्या चार टोळ्या करून प्रत्येकीस मुलांतूनच एक नायक दिला, त्याचें मर्म हेंच होय.

जागा मात्र वडील माणसांनींच ठरवावी. धुळेकरांच्या मनांत लळिंग येतें, जळगांवकरांच्या मनांत पाटणादेवी. परंतु पाटणादेवीचा परिसर गौताळा अभयारण्यांत मोडतो, आणि अभयारण्यांत परवानगीवांचून रात्रीं राहतां येत नाहीं, विस्तव पेटविणें तर नकोच. भरीत करावयाचें तर आप्तांचें शेत बरें. तेथें पहिलें काम मुलांस देतां येतें. खानदेशच्या काळ्या जमिनीला नुकतेंच पाणी दिलेलें असलें तर मोटारीचें चाक रुततें आणि राहुटीची खुंटीहि धरीत नाहीं. दोघां मुलांनीं पुढें जाऊन टांच रोवून पाहावी व कडक जागा दाखवावी. अर्धी पाण्यानें भरलेली बाटली मोटारींत आडवी ठेवली कीं मोटार कोणत्या अंगाला कलली आहे तें आठ वर्षांच्या मुलीसहि कळतें. तिनें ‘अजून उजवीकडे’ म्हणावें आणि चालकानें ऐकावें. चाकाखालीं दगड चालकच लावील. त्या वेळीं मुलांनीं चाकाजवळ नसावें, हा नियम मोडूं देऊं नये.

सावलीचें काम जरा मोठ्या मुलाला द्यावें. मार्गशीर्ष-पौषांत सूर्य दक्षिणेकडे असतो. डिसेंबरच्या अखेरीस जळगांवच्या आसपास उभ्या काठीची माध्यान्हींची सावली जवळजवळ काठीइतकीच लांब पडते. हें माध्यान्ह मात्र घड्याळांत बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास येतें. मुलानें काठी रोवून तासातासाला सावलीच्या टोंकाशीं खडा ठेवावा आणि दुपारीं आजी कोठें बसेल तें सांगावें. लीलावतींत बारा अंगुळांचा शंकु घेऊन छायेचीं गणितें घातलीं आहेत. त्याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, मठ स्थापिल्याचा शके ११२८ चा शिलालेख आपल्या चाळीसगांवाजवळ पाटण येथेंच आहे. हें सारें मुलास तेथें सांगावें, पण खडे मांडून झाल्यावर. आधीं सांगितलें तर तो धडा होतो.

आतां भरीत. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ भडकन् उठतो आणि तितक्याच लवकर बसतो, म्हणून काड्या थोड्या थोड्या घालाव्या लागतात. जाळाशीं मोठें माणूस हवें. काड्या मोडून, मोजक्या मोजक्या जुड्या करून पुरविणें हें मुलांचें काम. जुड्या वेळेवर न आल्या तर वांगीं कच्चीं राहतात, आणि तें सर्वांच्या पानांत उतरतें! भाजल्या वांग्यांचीं सालें काढण्यास मुलगे बसवावे असा आमचा आग्रह आहे. मुलींनीं पानें मांडावींत व मुलग्यांनीं दोर ओढावेत, ही वांटणी घरीं ज्यांना मोडतां आली नाहीं त्यांनीं ती निदान शेतावर मोडून पाहावी. (आजीबाई प्रथम नाराज होतील, भरीत साधलें म्हणजे निवळतील.)

कठीण भाग पुढेंच आहे. मुलानें ठोकलेली खुंटी तिरपी आहे असें दिसतें आणि काका, तो पाठमोरा होतांच, ती उपटून पुन्हां ठोकतात. मुलगा परत येऊन पाहतो आणि पुढच्या वेळीं खुंट्यांकडे फिरकतहि नाहीं. खुंटी सैल वाटली तर त्यालाच बोलावून दोर ओढून पाहावयास सांगावें. रात्रीं वाऱ्यानें ती निघालीच, तर त्याला उठवून कंदील त्याच्या हातीं द्यावा व आपण नुसतें जवळ उभें राहावें. झोंपमोड होईल, होऊं द्यावी.

विहीर, पंपाच्या विजेच्या तारा आणि मोटारींतील शेगडी ह्या तीन ठिकाणीं मात्र ही मोकळीक मुळींच नसावी. शेतांतील कित्येक विहिरींना कठडा नसतो. मुक्कामीं पोंचतांच मुलांना विहीर दाखवावी, तेथून वीस पावलांवर दोरी ताणावी, आणि ती दोरी मोठ्यांनींहि विनाकारण ओलांडूं नये. सकाळीं जोडे झटकून घालण्याची आठवण सर्वांस देण्याचें काम धाकट्यास द्यावें. विंचवाच्या भीतीनें तो एकालाहि विसरणार नाहीं.

निघतांना खुंट्या मोजाव्यात. ज्यानें ठोकल्या त्यानेंच मोजाव्यात, आणि एक कमी भरली तर ती सांपडेपर्यंत मोटार सुरू करूं नये. शेतांत राहिलेली लोखंडी खुंटी पुढें बैलाच्या खुरांत जाते.